पाच बाटल्या, चाळीस दिवस

विमल,

तुझ्या तेरवीला मी जेवले नाही. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. बार्शीटाकळीला तुझ्या सासरी मांडव होता, पंगती उठत होत्या, आणि माझं पान ओट्याच्या पायरीशी, एकटं, जरा बाजूला मांडलं होतं. कोणी मुद्दाम केलं नसेल, सवयीनं झालं असेल. सवयीचाच मला जास्त राग येतो. तुझ्या आईनं मला खुणेनं आत बोलावलं, गाठोड्यातून जुनी वही काढली आणि माझ्या हातात दिली. "तिनं सांगतलं होतं, कुसुमले देजो." एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावला. मी वही पिशवीत टाकली आणि उभ्या उभ्या निघाले.

मांडवात बायका तुझं कौतुक करत होत्या. किती गोड स्वभाव, कोणाचं मन मोडलं नाही, कोणाला उलटून बोलली नाही. मी ऐकत होते. सगळं खरं होतं. कोणाचं मन मोडायचं नाही, हाच तर तुझा रोग होता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, फक्त आपलं भांडण अर्धं राहिलंय ते बोलते.

अकोल्याच्या शाळेत आठवीच्या वर्गात आपण मुली पाचच होतो. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. बाबांनी घरातले देव पोत्यात भरून मोर्णा नदीत सोडले आणि मला हायस्कुलात घातलं, दोन्ही एकाच वर्षी. पहिल्या दिवशी बाकीच्या तिघी एका बाकावर कोंबून बसल्या होत्या आणि मी दुसऱ्यावर एकटी. तू उशिरा आलीस, दप्तर माझ्या बाकावर आपटलंस आणि म्हणालीस, "सरक ना वो, काय अख्खा बाक विकत घेतला काय?" मी सरकले. त्या एका शब्दासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहिले असते. पुढे जे झालं ते झालं नसतं तर.

तुझ्या दाढेत तेव्हा कायम लवंग असायची. दाढ किडलेली, आणि फ्रॉकच्या खिशात गुळाचा खडा. आत लवंग, वरून गूळ. मी म्हणायची, गुळानंच किडली. तू म्हणायचीस, तुझी आजी सांगते, साखर दात खाते, गूळ नाही खात. "गूळ आपल्या घरचा हाय, साखर सायबाची," हे तुझं शास्त्र. माझं म्हणणं, दाताला काय कळतं कोण घरचं आणि कोण साहेबाचं. त्यावरून आपण एक अख्खा पावसाळा भांडलो. दहावीत आलो तेव्हा विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं की अमरावतीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे, कोणाला प्रयोग मांडायचा असेल तर नावं द्या. मुलांनी विजेची घंटा, पाण्याचं चाक असलं काहीबाही सांगितलं. तू उभी राहून म्हणालीस, "सर, आमचं एक भांडण हाय, थे मांडलं तं चालन काय?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि त्यात सॅकरिनची भर घातली. बर्फगोळेवाले घालतात ती पांढरी गोळी, गोड असते पण साखर नसते. तीही घ्या म्हणाले.

म्हणून पाच बाटल्या. साखर, गूळ, मध, सॅकरिन आणि पाचवीत नुसतं पाणी. सरकारी दवाखान्यातल्या तपकिरी औषधाच्या बाटल्या, डोसाचा कागद खरवडून काढलेल्या. सॅकरिनची गोळी तू आधी चाटून पाहिलीस. गोड गोड म्हणता म्हणता तुझं तोंड वाकडं झालं, कारण मागून ती कडू लागते. इथे मला एक उपमा सुचते आहे, पण ती मी देत नाही.

आता दात आणायचे कुठून? पोरांचे दुधाचे दात पडत होते, पण पडलेला दात कौलांवर फेकायचा असतो, नाहीतर नवा वाकडा येतो. तेव्हा दात कौलांवर जायच्या आत आपल्याला पाहिजे होते. तू युक्ती काढलीस, एका दाताला दोन लिंबाच्या गोळ्या. साखरेनं दात किडतात हे दाखवायला आपण गावभर साखरेच्या गोळ्या वाटत फिरलो. तुझ्या जठारपेठेतले दात आले, आमच्या वस्तीतले आले, सगळे एका डबीत. तुझ्या गल्लीतली एक म्हातारी नातवाचा दात परत मागायला आली होती, आठवतं? "माह्या नातवाचा दात द्या बाप्पा, त्याले वाकडे दात येतीन." तो दात कोणता हे कोणाला माहीत होतं? तू डबीतला एक काढून दिलास आणि तिनं तो डोळे मिटून कौलांवर फेकला. तो बहुतेक आमच्या शेजारच्या गौतमचा होता. नातवाचे दात सरळच आले. आपण त्यावर किती दिवस हसलो होतो.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. दात जसेच्या तसे. तू म्हणालीस, सोड, पाण्याचं चाक करू. मी घरी चुलीपुढे बसून विचार करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, दात तोंडात किडतात, बाटलीत नाही. तोंडात काय असतं जे बाटलीत नाही? थुंकी. आणि ऊब. तू "छी" म्हणालीस, मग नळाखाली वाकून पोट धरून हसलीस. सरांना विचारलं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?" कोणी नाही, म्हटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी पुढे हेच करणार. कापसाच्या जिनात सरकी उचलणाऱ्या बाईची मुलगी प्रयोगशाळेत जाणार.

सगळ्या बाटल्यांत सारखंच हवं म्हणून आपण ठरवलं, प्रत्येकीत दोघींची थुंकी, एक चमचा तुझी, एक माझी. शाळेमागच्या लिंबाखाली बसून थुंकलो. तू चमचा मोजत होतीस, मी वहीत लिहीत होते. राहिली ऊब. तुझ्या स्वयंपाकघरात मला जाता येत नव्हतं, म्हणून बाटल्या आमच्या भानवशीवर राहिल्या, चुलीच्या कडेच्या ओट्यावर, जिथे माय वरणाचं भांडं ऊन राहावं म्हणून ठेवायची. चाळीस दिवस आमचं वरण खाली जमिनीवर आलं. बाबा थंड वरण खात आणि बाटल्यांकडे पाहत. माय रोज विचारायची, "तुमचे दात शिजले का नाही वो पोरी?" पण जिनातून थकून आल्यावरही पहिल्यांदा बाटल्यांना हात लावून पाहायची, गार तर पडल्या नाहीत ना. तू रोज संध्याकाळी यायचीस. आमच्या घरात मांडी घालून ठेचा-भाकर खायचीस. तुझ्या घरी मी ओट्यापर्यंत. याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं, ते आता वाटतं.

थुंकी घातली त्या दिवसापासून मी वहीत नव्यानं दिवस मोजायला घेतले आणि रकाने आखले. दिवस, बाटली, कागदाचा रंग, दात, शेरा. निळा लिटमस कागद बाटलीत बुडवायचा, लाल झाला तर आंबट, आम्ल. बारा दिवसांत साखर लाल. दोन दिवस मागून गूळ लाल. तुझा चेहरा पाहण्यासारखा होता. "मध राह्यला ना अजून," म्हणालीस. मधही गेला. सॅकरिन आणि पाणी निळेच राहिले. चाळिसाव्या दिवशी सुई टोचून पाहिली तर साखरेतल्या आणि गुळातल्या दातांत टोक रुतलं, खडूत रुतावं तसं. सॅकरिनमधल्या दातावरून सुई सरकली. मी जिंकले होते. तू मान्य केलं नाहीस. म्हणालीस, आजीच्या काळचा गूळ वेगळा होता.

तो शनिवार होता आणि मंगळवारी प्रदर्शन. तुझं अक्षर चांगलं म्हणून लेबलं तू लावायची ठरली. बाटल्या आणि वही तू घरी नेलीस. मायनं बाटल्या स्वतःच्या हातानं कापसात गुंडाळून दिल्या आणि म्हणाली, "सांभाळून नेजो, चाळीस दिवस पोरावानी जपल्या." सोमवारी स्टेशनवर तू खोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. बाटल्या चकचकीत दिसत होत्या. मला वाटलं, प्रदर्शनासाठी पुसल्यास. तू बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

परीक्षक आले तेव्हा आपल्या टेबलाशी गर्दी जमली होती, कारण दातांचा प्रयोग कोणीच आणला नव्हता. मी घडाघडा बोलत होते. त्यांनी विचारलं, गूळसुद्धा? मी म्हटलं, सर, आपणच कागद बुडवून पाहा, लाल होईल. त्यांनी गुळात बुडवला. निळा. साखरेत बुडवला. निळा. पाचही बाटल्यांत निळा. सुई मागितली. दात कठीण, चकचकीत, कालच पडल्यासारखे. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. मी पहिल्या दिवसापासून चाळिसाव्यापर्यंत सगळं वाचलं आणि वही मिटली. त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "या नोंदी कोणाच्या?"

तू म्हणालीस, "हिच्या."

"आणि तू यात काय केलंस?"

तू म्हणालीस, "मी लेबलं लावली."

विमल, त्या दोन वाक्यांत खोटं काहीच नव्हतं. नोंदी माझ्याच होत्या. लेबलं तूच लावली होतीस. परीक्षक मला म्हणाले, "बाळ, उत्तर आधी लिहायचं आणि प्रयोग मागून करायचा, याला विज्ञान म्हणत नाहीत." आवाजही चढवला नाही. आपले सर मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

सगळे गेल्यावर मी गुळाची बाटली उचलली आणि गळ्याशी बोट फिरवलं. झाकणाच्या आट्यांत करडी राख होती. विटाळ झालेलं भांडं ज्या राखेनं घासतात, ती. राख म्हणजे क्षार. आम्लाला मारणारा. हे आपल्याला त्याच वर्षी शिकवलं होतं, तू माझ्याशेजारी बसून लिहून घेतलं होतंस.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काहून धुतल्या?"

"आईनं पाह्यल्या."

"मंग?"

"विचारलं, याच्यात काय हाय. मी सांगतलं. कोणाची थुंकी, म्हणे. थेबी सांगतलं. आईनं सगळं मोरीत ओतून देल्लं, दातंबी. माह्याकून पाचही बाटल्या राखेनं घासून घेतल्या."

"मले काहून नाही सांगतलं?"

तू खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "मी सगळं पुन्यांदा भरलं ना. डबीतले दुसरे दात घातले. थुंकी माही घातली. थुंकी थुंकीच असते ना कुसुम, काय फरक पडते?"

मी म्हटलं, "फरक पडत नव्हता तं बदलली काहून?"

तेवढ्यात मूर्तिजापूर आलं. तू म्हणालीस, "चहा घेते काय?" मी वही तुझ्या अंगावर फेकली आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.

मायला मी सांगितलं, बाटल्या गाडीत फुटल्या. तिला खरं सांगितलं नाही. तिची भानवस, तिचे चाळीस दिवस तुमच्या मोरीत गेले हे तिला कळू नये म्हणून पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलले. खोटारडी तर मी ठरलेच होते. माय पुढे कित्येक वर्षं मधूनच विचारायची, "थे पाटलाची पोरगी काहून नाही येत आता?"

मॅट्रिकनंतर अमरावतीच्या कॉलेजात विज्ञानाला जायचं तर हेडमास्तरांचं शिफारसपत्र लागत होतं. ते म्हणाले, मुली, तुझी ती प्रदर्शनातली गोष्ट मला ठाऊक आहे, प्रयोगशाळेत खोट्या नोंदी चालत नाहीत, तू शिक्षिका हो, चांगलं काम आहे. काम चांगलं आहे, मी करते. दुसरीच्या पोरांना पाढे शिकवते. पण विज्ञानाला तू गेलीस. एक वर्ष गेलीस आणि लग्न केलंस. माझी जागा घेऊन ती रिकामी टाकलीस. हे मी तुला कधी बोलले नाही, लोकांपाशी बोलले. तुझ्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. बसस्टँडवर तू हाक मारलीस, मी ऐकू आलं नाही असं केलं. तू संक्रांतीला तिळगूळ पाठवायचीस, न चुकता, गुळाचाच. मी तो शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. एकदा एक खडा तोंडात टाकला होता. चांगला होता.

आणि मग कावीळ. जठारपेठेत माहेरी आणलंय, वाचत नाही म्हणतात, असा निरोप आला तेव्हा आले. हळद लावावी तशी पिवळी झाली होतीस. तुझी आई ओट्यावर टाकलेल्या खाटेच्या उशाशी बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मला चहा आला तो कान तुटलेल्या कपात. तू त्या कपाकडे पाहिलंस, मग आईकडे, मग माझ्याकडे. तेव्हा तरी बोलशील असं वाटलं. आठ वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते. तू म्हणालीस, "कुसुम, वही हाय माह्यापाशी." मी म्हटलं, "असू दे. रद्दीत घाल." तू डोळे मिटलेस. मी चहा न पिता उठले. तुझं अंगण ओलांडताना मला बरं वाटत होतं, हेही तुला सांगते. बरं वाटणं फाटकापर्यंतच टिकलं.

बार्शीटाकळीहून परतताना एसटीत मी वही उघडली नाही. घरी आले, हातपाय धुतले, मायला जेवायला वाढलं आणि मग भानवशीपाशी बसून उघडली. माझं तेव्हाचं अक्षर वाचलं. बारावा दिवस, साखर, लाल. चाळिसावा दिवस, सुई रुतली. त्याच्या खाली मी दुहेरी रेघ मारली होती, संपलं म्हणून. मी पान उलटलं. मागच्या पानावर तुझं अक्षर होतं, लेबलांवर होतं तसंच ठसठशीत. तू माझ्यासारखेच रकाने आखले होतेस.

एक्केचाळिसावा दिवस. पाचही बाटल्या. आईने ओतल्या. राखेने धुतल्या. दात नवे. थुंकी फक्त विमलची.

खाली सही, आणि शेऱ्याचा रकाना कोरा.

तीन दिवस मी त्या पानाकडे पाहते आहे. शाई निळी आहे, फिकटलेली, पण सगळीच वही फिकटली आहे. तू हे त्याच रविवारी लिहिलंस, की मागाहून बार्शीटाकळीत कधी बसून लिहिलंस? मागाहून लिहिलं असशील तर ठेवून घे, मला त्याचा उपयोग नाही. पण त्या रविवारी लिहिलं असशील, तर परीक्षकांच्या समोर खरं तिथेच होतं आणि वही माझ्या हातात होती. मी चाळिसावा दिवस वाचला आणि मिटली. तू माझ्याशेजारी उभी राहून मी पान उलटते का याची वाट पाहत होतीस काय गं? तोंड होतं तुला. एक शब्द बोलायचा होता. जिनं पहिल्या दिवशी "सरक" म्हटलं, तिला तो जमला असता.

आता विचारायला तू नाहीस, आणि तुझ्या आईला मी विचारणार नाही. वही अर्धी ठेवायची मला सवय नाही. काल शाळेतून आल्यावर पेन घेतलं आणि तुझ्या ओळीसमोरचा शेऱ्याचा कोरा रकाना भरून टाकला. दोनच शब्द मावले.

फरक पडला.